मागाचा माग: सोलापुरात येऊन राहिलेल्या आपल्या माणसांचा इतिहास कसा शोधायचा

लहानपणी घरात विचारलं की आपण मूळचे कुठले, तर ताता (म्हणजे आजोबा) हात पूर्वेकडं करायचे आणि म्हणायचे, "तिकडचे". बस, विषय संपला. तिकडं म्हणजे करीमनगर का नलगोंडा का अजून कुठं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीबी खोदून विचारलं नाही. ताता गेले आणि मग आम्हाला अक्कल आली. त्यानंतर पाच-सहा वर्षं जमेल तसं शोधत बसलो, चुकलो, पैसे घालवले, थोडंफार सापडलंही. आता ओळखीतली पोरं विचारतात की दादा सुरुवात कुठून करायची, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मी तेलुगू विणकरांच्या घरातला, त्यामुळं जास्त तेच येईल, पण सोलापुरात कानडी, मराठवाड्यातले, गुजराती, मारवाडी, सगळेच कुठून ना कुठून आलेत, त्यांच्यासाठी पण खाली सांगितलंय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. सरकारी रेकॉर्ड जमिनीच्या मागं धावतं, आपले लोक मागाच्या मागं धावले. कुणीतरी सांगतं "तहसीलला जा, जुना सातबारा काढ, पणजोबा सापडतात", ते शेतकऱ्याच्या घराला बरोबर आहे. विणकराकडं शेतच नव्हतं तर सातबाऱ्यावर नाव कुठनं येणार? आपल्याला माणसाचं काम, लग्न आणि घर या तीन गोष्टींवरून जावं लागतं. आणि परदेशी कार्यक्रमात दाखवतात तसं जनगणनेच्या कागदावर आजोबाचं नाव बघायला मिळेल ही आशाच सोडा, आपल्याकडं १९४८ च्या कायद्यानं जनगणनेची घराघरातली माहिती गुप्त आहे, ती कुणालाच दाखवत नाहीत. डीएनए टेस्टवर पण लगेच पैसे घालू नका, त्यात गावाचं नाव येत नाही.

पहिलं काम: घरातली सगळ्यात म्हातारी बाई गाठा

बाप्या माणसाला नाही, बाईला. बाप्या माणूस मिलच्या, युनियनच्या, इलेक्शनच्या गोष्टी सांगत बसतो. बाईला कुणाची मुलगी कुणाकडं दिली, कुणाचं कुठल्या साली मूल गेलं, कुठल्या गावाहून कोण बैलगाडीतनं आलं हे पाठ असतं. फोनवर रेकॉर्डिंग चालू करून फोन बाजूला उपडा ठेवा, तोंडासमोर धरला की म्हातारी माणसं भाषण द्यायला लागतात.

"तुमचा इतिहास सांगा" असं विचारूच नका. आणि "किती साली आलात" हे पण विचारू नका, उत्तर एकच येतं, "काय की बाबा, लई वर्षं झाली". साल आपण काढायचं असतं, गावातल्या मोठ्या घटनांवरनं. मी नायनम्माला (बापाच्या आईला) विचारलं, जुनी मिल (सोलापुरातली पहिली कापड गिरणी) बंद पडली तेव्हा तू कुठं होतीस गं, तर पटकन म्हणाली, तेव्हा तुझा मोठा काका पोटात होता. झालं काम! जुनी मिल १९४९ ला बंद पडली होती आणि जानेवारी १९५० मध्ये सरकारनं वटहुकूम काढून ती ताब्यात घेतली, ही गोष्ट पार सुप्रीम कोर्टात गेलेली. (नंतरही ती बंद पडलीय, म्हणून कुठल्या वेळचं बंद पडणं ते खात्रीनं विचारा.) अशा खुणा आपल्या गावात भरपूर आहेत. मे १९३० चा मार्शल लॉ. १२ जानेवारी १९३१, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली तो दिवस. १९४८ च्या सप्टेंबरातली पोलीस ॲक्शन, तेव्हा हैदराबादवर जाणारी फौज सोलापूरहूनच निघाली होती, जुन्या लोकांना ते पक्कं आठवतं. मग १९७२ चा दुष्काळ. म्हातारीला विचारा, "तेव्हा तुझं लग्न झालेलं का? लेकरं किती होती?" की तुमचं साल आपोआप येतं.

बाकीचे प्रश्न अगदी बारीक ठेवा. पाणी कुठनं आणायचा, बाजाराला कुठल्या गावाला जायचा, कुलदैवत कुठलं, मुलाचं जावळ कुठं काढलं, लग्नात मामा कुठनं आला. या बाजाराच्या प्रश्नाला हसू नका, मला पुढं त्यानंच वाचवलं, सांगतो.

दुसरं काम: घर उपसा

ट्रंक, माळा, देवघराचा खालचा खण, फोटोंच्या मागची बाजू (स्टुडिओचा शिक्का असतो), लग्नपत्रिका, रेशनकार्ड, पीएफची पावती, मिलचा पास. सापडेल त्याचा तिथंच फोटो काढा, ओरिजिनल कुणाकडनं घरी आणू नका, नात्यात वितुष्ट येतं, अनुभव आहे.

आणि भांडी बघा. आमच्याकडं माळ्यावर नायनम्माच्या लग्नातली तांब्याची घागर उपडी पडलेली होती. गळ्याजवळ टिंबाटिंबांनी काहीतरी कोरलेलं, पण इतकी वर्षं चिंचेनं घासून टिंबं बुजत आलेली. मी हुशारी करून फोनच्या ॲपनं वाचायला गेलो, ॲपला ती नक्षी वाटली. मग बायकोनं चिमूटभर पांढरी रांगोळी घेतली, टिंबांवर बोटानं चोळली, वरची कोरड्या फडक्यानं पुसली, तेवढी टिंबांत पांढरी राहिली, आणि घागर दारात नेऊन उन्हाला तिरकी धरली. अक्षरं उठून आली! तेलुगू. मला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही, आमच्या पिढीचं असंच आहे. गल्लीत तेलुगू माध्यमाच्या शाळेतले रिटायर मास्तर राहतात, त्यांनी चष्मा कपाळावर सारून, घागर मांडीवर घेऊन वाचलं: एक आडनाव, एक नाव, आणि शेवटी गाव. कोत्तापल्ली.

घागर माहेरची, म्हणजे गाव ताताचं नाही, नायनम्माचं. पण ते पण चालतं. आमच्यात मामाची नाहीतर आत्याची मुलगी करायची पद्धत, त्यामुळं सासर आणि माहेर फार लांब नसतं, बाईचं गाव सापडलं की पुरुषाचं गाव त्याच्या आसपास शोधायचं.

तिसरं काम: एक वही, आणि नावांचा घोळ

प्रत्येक माणसाला एक पान. वर नाव, खाली काय कळलं, कुणी सांगितलं, कधी सांगितलं. दोन जण दोन गोष्टी सांगतील, दोन्ही लिहा, तिथल्या तिथं न्यायनिवाडा करू नका. ॲपवर वंशावळ करायची हौस असेल तर करा, पण नंतर. आधी वही.

नावं मात्र सरळ समजू नका. तेलुगूत आडनाव (आपण म्हणतो इंटीपेरू) आधी येतं आणि नाव मागून, बापाचं नाव मधे घालायची पद्धत इकडं आल्यावर मराठी शाळेत लागली. त्यामुळं जुन्या कागदावर आडनावाच्या जागी नाव आणि नावाच्या जागी आडनाव असं उलटं सापडू शकतं. शिवाय घरी लक्ष्मय्या तो शाळेत लक्ष्मण होतो, नरसय्याचा नरसिंग होतो, लक्ष्मव्वा लग्नानंतर लक्ष्मीबाई. आणि आजोबाचं नाव नातवाला ठेवतात, म्हणून एकाच घरात एकाच नावाचे तीन-तीन लोक निघतात, वर्ष बघितल्याशिवाय कुणाला कुणाला जोडू नका. आणि एक, सारखं आडनाव म्हणजे भाऊबंद असं धरू नका, आडनाव आणि गोत्र दोन्ही जुळलं तर पुढं बोला.

चौथं काम: सोलापुरातलेच कागद आधी संपवा

लोक लगेच तेलंगणाचं तिकीट काढतात. इथलंच आधी बघा की बे.

शाळेचं जनरल रजिस्टर ही माझ्या मते सगळ्यात भारी चीज. आजोबा दुसरीपर्यंत जरी शिकले असतील तरी त्यात नाव, वडलांचं नाव, जात, जन्मगाव, आधीची शाळा असं सगळं असतं, आणि जन्मगावाचा रकाना कधीकधी भरलेला असतो तीच लॉटरी. शाळा सोडल्याचा दाखला घरात असला तर त्यावर रजिस्टरचा नंबर असतो, तो घेऊन जा, नुसतं नाव सांगितलं तर क्लार्क तोंडाकडं बघतो. शाळा बंद पडली असेल तर रेकॉर्ड दुसऱ्या शाळेत हलवलेलं असतं, ते विचारत जावं लागतं. जन्मतारीख १ जून दिसली तर तिच्यावर विश्वास ठेवू नका, मास्तरांनी अर्ध्या महाराष्ट्राला १ जूनलाच जन्माला घातलंय.

मग महापालिकेचा जन्म-मृत्यू विभाग. जन्माच्या जुन्या नोंदीत मुलाचं नावच नसतं, "मुलगा" किंवा "मुलगी" आणि बापाचं नाव एवढंच, म्हणून शोधताना बापाच्या नावानं शोधा आणि मागं-पुढं दोन-तीन वर्षांची मुभा ठेवा. मृत्यूची नोंद पण काढा, तिथं वय आणि पत्ता मिळतो. मला एका ऑफिसात चार चकरा मारायला लावून शेवटी "तुमचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं" असं सांगितलं, मग माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाकला, आणि तेच रजिस्टर महिन्याभरात धडधाकट निघालं! भांडत बसू नका, अर्ज टाका.

घर स्वतःचं असेल तर सिटी सर्व्हेचा उतारा म्हणजे प्रॉपर्टी कार्ड काढा. कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर कधी गेलं ते तारखेसकट असतं आणि वारसांची नावं येतात, त्यात लग्न होऊन गेलेल्या आत्या पण सापडतात. साखर पेठ, जोडभावी पेठ, भवानी पेठ या जुन्या भागातल्या घरांचं हे नक्की बघा. भाड्यानं राहत असतील तर मालकाच्या कार्डावर काही मिळत नाही, तिथं वेळ घालवू नका.

आता कामाचे कागद. पुरुष मिलमध्ये होते का कारखान्यात, हे आधी ठरवा. जुनी मिल १८७७ ची, पुढं विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी, जाम अशा मिल आल्या, तिथल्या माणसाचा पास, तिकीट नंबर, खातं (साचा खातं का सूत खातं), पीएफचा कागद असं काहीतरी घरात उरतं. पण आमच्यातले कितीतरी जण मिलमध्ये गेलेच नाहीत, ते कुणा कारखानदाराच्या हातमागावर बसले, तिथं हिशेबाच्या वहीशिवाय कागद नाही. कारखानदाराच्या घरी अशा वह्या पडलेल्या असतात, गोड बोलून बघायला मागा, कुणाला किती उचल दिली त्यात नावं असतात.

आणि बायकांचं विसरू नका. घरातल्या बाईच्या नावानं काहीच कागद नाही असं सगळे म्हणतात, आणि ती बाई चाळीस वर्षं बिड्या वळत असते. बिडी कामगाराचं ओळखपत्र, कंपनीचं लॉगबुक, पीएफ, यावर तिचं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, वय, फोटो सगळं असतं. आमच्या घरात नायनम्माचा तरुणपणचा एकच फोटो आहे आणि तो त्या कार्डावरचा आहे.

पाचवं काम: का आले, कधी आले

प्रत्येक घरात एक ठरलेली गोष्ट असते. कुणी म्हणतं दुष्काळात आलो, कुणी म्हणतं रझाकारांमुळं आलो. दोन्ही खरं असू शकतं पण तारखेशी ताडून बघा. रझाकारांचा त्रास १९४७-४८ चा. तुमच्या आजोबांचं नाव १९३५ च्या शाळेच्या रजिस्टरात इथं असेल तर ती गोष्ट दुसऱ्या कुणाची तरी आहे, बहुतेक नंतर आलेल्या पाहुण्यांची. तसंच "पणजोबा रेल्वेनं आले" हे पण तपासा: सोलापूरला रेल्वे १८६० ला आली पण वाडी ते सिकंदराबाद लाईन १८७४ ची, त्याआधी आलेला माणूस चालत नाहीतर गाडीबैलानं आला. मोठा दुष्काळ १८७६ ते ७८, जुनी मिल १८७७, लाईन १८७४, हे तीन आकडे शेजारी ठेवले की लोक त्या काळात इकडं का सरकायला लागले असतील ते डोक्यात येतं. एकदम एका दिवसात घर उठून आलं असंही नसतं, आधी एक भाऊ येतो, हंगामाला परत जातो, मग बायकोला आणतो, मग मेव्हणा. तुमच्या घरात आधी कोण आलं ते शोधा, बाकीचे त्याच्या मागनं सापडतात.

शहराची पार्श्वभूमी पाहिजे असेल तर इंग्रजांनी १८८४ ला छापलेलं सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटियर इंटरनेटवर फुकट आहे, विणकर काय विणायचे, कसे राहायचे ते त्यात आहे. शोधताना "शोलापूर" असं इंग्रजी स्पेलिंग टाका, नाहीतर काही सापडणार नाही. त्यात जातींबद्दल जे शेरे मारलेत ते साहेबाच्या डोळ्यातनं लिहिलेत, ते तसेच उचलून घरच्या ग्रुपवर टाकू नका.

सहावं काम: मग तिकडं

आता माझी फजिती. घागरीवर कोत्तापल्ली मिळालं, मी उड्या मारल्या, मॅपवर टाकलं, पहिलं आलं त्या गावाला सुट्टी काढून गेलो. दोन दिवस उन्हात फिरलो, आमच्या आडनावाचं एक घर नाही. कोत्तापल्ली म्हणजे नवं गाव, आणि नवं गाव नावाची गावं तेलंगणात आपल्याकडच्या वडगाव-पिंपळगावासारखी ढिगानं आहेत! घरी येऊन नायनम्माचं रेकॉर्डिंग परत ऐकलं, त्यात ती स्पष्ट म्हणते, "बाजाराला सिरसिल्ल्याला जायचो". माझ्याकडं ते दोन वर्षं फोनमध्ये पडून होतं आणि मी नीट ऐकलंच नव्हतं.

म्हणून गाव एकटं शोधू नका, बाजाराचं गाव, नदी, देऊळ, शेजारचं गाव असं जोडीनं शोधा. जिल्ह्याचं नाव तर पूर्ण बदललेलं असणार. म्हातारी माणसं करीमनगर म्हणतात, ते सिरसिल्ला आता राजन्ना सिरसिल्ला जिल्ह्यात आहे. तेलंगणात आधी १० जिल्हे होते, २०१६ ला ३१ झाले, आता ३३ आहेत. नलगोंडातनं सूर्यापेट आणि यादाद्री भुवनगिरी निघाले, महबूबनगरातनं नारायणपेट, वनपर्ती वगैरे. जुन्या तालुक्यावरनं नवा जिल्हा काढा आणि मगच निघा.

तिकडचे जुने कागद उर्दूत, त्याआधीचे फारसीत, कारण राज्य निजामाचं. साल फसली सनात (निजामाच्या महसुली सनात) असतं, त्यात ५९० मिळवा, म्हणजे १३४० फसली म्हणजे साधारण १९३०. मराठी कागदावर शके असेल तर ७८ मिळवा. जमीन असलीच तर तिकडं सेतवार आणि १९५४-५५ ची खासरा पहाणी विचारा, हेच शब्द वापरा, सातबारा म्हटलं तर कुणाला कळत नाही. हैदराबादला तारनाक्याला राज्य अभिलेखागार आहे, पण खरं सांगू का, साध्या विणकराच्या घरासाठी तिथं पहिल्या फेरीत जाऊ नका, गावात जा.

पद्मशाली (तेलुगू विणकर समाज) घरांसाठी अजून एक वाट आहे. कुनपुली नावाची मंडळी पूर्वी चित्रांचे लांब पट उलगडून मार्कंडेय, भावनाऋषींची कथा सांगत विणकरांच्या गावोगाव फिरायची, आपल्यावरच त्यांचं पोट. तिकडच्या गावात म्हाताऱ्यांना विचारा, कुणाकडं यायचे, कुणाची नावं घ्यायचे. इथं नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा देवळात जमलेल्या जुन्या लोकांत पण विचारून ठेवा, माझं एक अख्खं चुलत घराणं तिथं रांगेत उभं असताना सापडलं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात

लिंगायत, धनगर, मराठा घरं असतील तर हेळवी गाठा. बैलगाडीनं फिरणारे हे लोक घराण्यांच्या नावांच्या चोपड्या ठेवतात आणि पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवतात. येतील तेव्हा दक्षिणा द्या, आणि परवानगी घेऊन पानाचा फोटो काढा. पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या नामावळ्यांत कोण कधी आलं, बरोबर कोण होतं ते मिळतं, तिथं मूळ गावाचं नाव सांगावं लागतं. शेती असलेल्यांनी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये फेरफार आणि कोतवाल बुक बघावं, जुनं मोडीत असतं. कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेत २०२३ पासून अशी मोडी कागदपत्रं स्कॅन करून जिल्ह्यांच्या वेबसाईटवर टाकलीत, जात कुठलीही असो, आपल्या गावाचं पान आहे का बघायला काय जातंय. ख्रिस्ती घरांना चर्चचं बाप्तिस्म्याचं रजिस्टर. इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना सेटलमेंट नावाच्या वस्तीत तारेच्या आत ठेवलं होतं, ज्यांचे आजोबा तिथं राहिले त्यांनी कागद काढताना मन घट्ट करून जावं, १९५२ पर्यंत तो गुन्हेगार जमातींचा कायदा होता आणि कागदाची भाषा तशीच आहे.

गावाला जाताना

हैदराबाद साधारण तीनशे किलोमीटर, पुढं एसटीनं. बरोबर तेलुगू वाचणारं माणूस असावं. हातात कागद न्या, त्यावर मोठ्या तेलुगू अक्षरात आपलं इंटीपेरू, गोत्र, आणि जेवढी नावं माहितीत आहेत तेवढी, खाली मोकळ्या चौकटी. लोकांना मोकळी चौकट दिसली की भरावीशी वाटते, "अरे याचा अजून एक भाऊ होता" असं कुणीतरी म्हणतंच. "जमीन बघायला आलाय का" हा पहिला संशय असतो, म्हणून आधीच सांगा की काही मागायला आलो नाही. एक सोलापुरी चादर बरोबर घ्या, ती उघडून त्यांनी उलटी बाजू बघितली, धागा बोटात धरला, की समजा माणूस आपल्यातला.

आणि उन्हाळ्यात जाऊ नका, मी गेलो तसं. नवरात्राच्या सुमाराला बतुकम्मा (तेलंगणातल्या बायकांचा फुलांचा सण) असते, तेव्हा जा. त्या दिवसांत लेकी माहेरी आलेल्या असतात, दुसऱ्या गावी दिलेल्या म्हाताऱ्या आत्या पण, आणि संध्याकाळी सगळ्या एकाच ठिकाणी जमतात.